न घेतलेल्या गोळीचा हिशेब

लाल रंगाची, साखरेचं कवच असलेली, दहा-दहाच्या पट्टीतली लोहाची गोळी. चौथा महिना लागला की आशाताई ती हातात देतात. रोज एक, असे १८० दिवस. बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड. म्हणजे बाळंतपणाला जाईपर्यंत अठरा पट्ट्या रिकाम्या व्हायला हव्यात. बऱ्याच घरांत मात्र त्या तिखटामिठाच्या डब्यांमागं पडून राहतात. आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या पावसात पुडीतल्या सुट्या गोळ्यांचं कवच ओल धरतं, त्या एकमेकींना चिकटतात, हात लावला तर बोटाला लाल रंग लागतो. मग “खराब झाल्या” म्हणून त्या उकिरड्यावर जातात आणि पोटुशी बाई त्यातून सुटते.

सुटते म्हणायचं कारण असं, की त्या गोळीवर घरातल्या प्रत्येकाचं काही ना काही मत असतं. “आमच्या वेळी कुठं होत्या गं गोळ्या? झालीच की आमची बाळंतपणं.” “गरम पडतात.” “बाळ काळं होतंय.” “बाळ मोठं होऊन अडतंय, मग सिझर.” हे बोलणारी माणसं वाईट नसतात. सासूबाई सुनेच्या काळजीपोटीच बोलत असतात. पण त्यांच्या काळातल्या ज्या बायका बाळंतपणात गेल्या, त्या आज ओट्यावर बसून आपलं म्हणणं सांगायला नाहीत. उरल्या त्यांचीच साक्ष आपल्याला ऐकू येते.

एकेक शंका सरळ घेऊ. शौचाला काळी होते ती न शोषलेल्या लोहामुळं. बाळाच्या रंगाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. बाळ जास्त मोठं होण्याचं नेहमीचं कारण आईची वाढलेली साखर हे असतं. लोहाची गोळी उलट कमी वजनाचं बाळ होण्याचा धोका कमी करते. “गरम पडते” यामागं मात्र खरा त्रास आहे: मळमळ, पोटात जळजळ, बद्धकोष्ठ. तो त्रास खोटा ठरवला की बाई गोळी सोडते, म्हणून त्यावर उपाय सांगायला हवा. रात्रीच्या जेवणानंतर झोपताना घ्यावी, म्हणजे मळमळ झोपेत निघून जाते. पाणी भरपूर प्यावं, भाकरीबरोबर पालेभाजी, शेवग्याचा पाला, हुलग्याची आमटी असावी, वर लिंबू पिळावं. लिंबातल्या आणि आवळ्यातल्या ‘क’ जीवनसत्त्वानं लोह चांगलं शोषलं जातं. चहा याच्या अगदी उलट करतो. आपल्याकडं जेवण झालं की लगेच कपभर चहा लागतो, आणि तोच चहा गोळीतलं लोह आतड्यात अडवून धरतो. गोळीच्या आधी आणि नंतर निदान तासभर चहा-कॉफी नको.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे लोह आणि कॅल्शियम एकदमच गिळून टाकणं. “एकदाचं उरकलं” असं वाटतं, पण कॅल्शियम लोहाला शोषू देत नाही. दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवावं. कॅल्शियमची ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, जेवणाखाण्यासोबत. चौथ्या महिन्यानंतर एकदा जंताची अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची गोळी मिळते, तीही टाळायची नाही. आतड्यात आकडेकृमी रक्त पीत असतील तर लोह ओतून उपयोग काय?

अख्ख्या गरोदरपणात शरीराला साधारण १००० मिलिग्रॅम लोह जास्तीचं लागतं. बाळ आणि वार मिळून ३०० च्या आसपास घेतात, आईचं वाढलेलं रक्त ५०० च्या आसपास घेतं, बाकीचं रोजच्या झिजेत जातं. भाकरी-भाजीतून हे भरून निघत नाही, कारण बहुतेक जणी गरोदर राहतानाच रिकाम्या साठ्यानं सुरुवात करतात. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय, ७ च्या खाली गेलं की गंभीर. तिथं गोळ्यांवर भागत नाही, शिरेतून लोह द्यावं लागतं किंवा रक्त चढवावं लागतं. बाळंतपणात अर्धा लीटर रक्त गेलं तर हिमोग्लोबिन १२ असलेली बाई त्यातून निभावून नेते. ६ असलेल्या बाईचा तिथं जीव जाऊ शकतो. फळीवर राहिलेल्या पट्टीचा परिणाम तो हा. गोळी घेण्याचे दुष्परिणाम सगळे विचारतात, न घेण्याचे कुणी विचारत नाही.

(जाता जाता एक: या गोळ्या रंगीत आणि वरून गोड असतात. घरात दोन-तीन वर्षांचं लेकरू असेल तर पट्टी उंचावर, झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा. मूठभर लोहाच्या गोळ्यांनी लहान मूल दगावू शकतं.)

आता दुसऱ्या पुडीकडं वळू. सरकारी गोळी “गरम” म्हणून नाकारणाऱ्या घरातच कधीकधी कागदाची एक पुडी येते. कुणा वैदूकडून, कुणा नातलगाच्या ओळखीनं. दीड-दोन महिने झाले की सकाळी उपाशीपोटी, गाईच्या दुधातून, अमक्या दिशेला तोंड करून घ्यायची. मुलगा व्हावा म्हणून. या पुडीबद्दल कुणी विचारत नाही, की ही गरम पडेल का, बाळाला काही होईल का. नाही म्हणायची सोय सुनेला नसते, विशेषतः आधीच्या दोन मुली असतील तर.

मुलगा की मुलगी हे बीज फळतं त्याच क्षणी, पुरुषाच्या शुक्रजंतूवरून ठरतं. दोन महिन्यांनी घेतलेली कुठलीही पूड ते बदलू शकत नाही. बदलू शकते ती दुसरीच गोष्ट: नेमक्या त्याच आठवड्यांत बाळाचं हृदय, हातपाय, टाळू, चेहरा घडत असतो. हरियाणात झालेल्या अभ्यासांत अशी औषधं घेतलेल्या आयांच्या बाळांमध्ये जन्मजात व्यंग जास्त आढळली. शिवाय पुड्यांत, भस्मांत शिसं-पारा असण्याचा धोका वेगळाच. आणि हा नुसता अंधश्रद्धेचा प्रश्न नाही, गुन्हाही आहे. गर्भलिंग निदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यात पुढं दुरुस्ती झाली, आणि आता लिंगनिवडीच्या व्याख्येत ठरावीक लिंगाचं मूल व्हावं म्हणून काहीही देणं किंवा लिहून देणं येतं. त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे, ते फार थोड्यांना माहीत असतं: बाईची गर्भलिंगाची तपासणी झाली असेल तर ती नवऱ्याच्या किंवा नातलगांच्या दबावानंच झाली असं न्यायालयानं धरून चालायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. घरचा दबाव किती खरा असतो, हे कायद्यानंच मान्य करून ठेवलं आहे.

मिश्रीचंही तसंच. निपाणी तंबाखूचं गाव. भाजून पूड केलेली तंबाखू सकाळी दातांना लावणं या भागात इतकं अंगवळणी पडलंय, की तिला कुणी व्यसनही म्हणत नाही, औषध तर नाहीच. पण निकोटीन हिरड्यांतून रक्तात आणि वारेतून बाळात जातं. बाळाचं वजन कमी भरतं, दिवस पुरे व्हायच्या आत बाळंतपण होण्याचा धोका वाढतो. विड्या वळणाऱ्या बायकांच्या हातांतूनही ते शिरतं. “काही औषध घेतेस का?” या प्रश्नाला बाई “नाही” म्हणते तेव्हा मिश्री त्या उत्तरात येत नाही. ती नाव घेऊन विचारावी लागते.

सगळ्यात अवघड गाठ पडते ती लग्नाआधीपासून औषध चालू असलेल्या मुलींची. फिट्सचं उदाहरण घ्या. हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा उल्लेख १९९९ मध्ये काढून टाकला. फिट्स येतात एवढ्या कारणानं लग्न मोडता येत नाही. पण स्थळं बघताना अजूनही हा आजार लपवला जातो. मग सून माहेरून आणलेल्या गोळ्या बॅगेच्या अस्तरात ठेवते, न्हाणीत जाऊन घेते. दिवस गेले की भीतीपोटी स्वतःच बंद करते, किंवा सासरी कळतं आणि ती माणसं बंद करवतात. दोन्ही वाटा धोक्याच्या. अचानक गोळी तुटली तर लागोपाठ फिट्स येऊ शकतात, आणि त्यात आई आणि बाळ दोघंही जाऊ शकतात. चुलीजवळ, विहिरीवर, गोठ्यात येणारी फिट तर साधीसुद्धा घातक.

पण उलट बाजूही तेवढीच खरी. फिट्सच्या सगळ्या गोळ्या सारख्या नाहीत. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या आयांच्या शंभर बाळांपैकी साधारण दहांना जन्मजात व्यंग येतं, आणि तीस-चाळीस जणांच्या बुद्धीच्या, बोलण्याच्या वाढीवर परिणाम दिसतो. लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासिटाम बऱ्याच सुरक्षित. म्हणून काम दिवस जायच्या आधीचं आहे: मेंदूविकारतज्ज्ञांकडं जाऊन गोळी बदलून घ्यायची, बदललेल्या गोळीवर फिट्स आटोक्यात आहेत हे काही महिने बघायचं, फॉलिक अ‍ॅसिड आधीच सुरू करायचं (या बायकांना बहुधा ५ मिलिग्रॅम देतात). बाळाच्या मेंदू-मज्जारज्जूची नळी दिवस राहिल्यापासून अठ्ठावीस दिवसांत मिटते, आणि फॉलिक लागतं ते त्याआधी. पाळी चुकल्याचं ध्यानात येईपर्यंत ती मिटत आलेली असते. लॅमोट्रिजिनचं रक्तातलं प्रमाण गरोदरपणात खाली येतं, त्यामुळं डोस वाढवावा लागतो आणि बाळंतपणानंतर पुन्हा उतरवावा लागतो. हे सगळं लपूनछपून कसं होणार? लपवाछपवीची किंमत इथं औषधाच्या मात्रेत मोजावी लागते. फिट्स असलेल्या बहुसंख्य बायकांना निरोगी मुलं होतात, ही गोष्ट लग्न ठरवणाऱ्या वडीलधाऱ्यांना कुणी सांगत नाही.

थायरॉईडची गोळी त्या मानानं सोपी, पण तिथंही तीच चूक होते: “दिवस गेलेत, आता गोळ्या बंद.” वास्तविक दिवस गेल्याबरोबर ती वाढवावी लागते, साधारण पाव हिश्श्यानं. डॉक्टर भेटेपर्यंत आठवड्याला दोन गोळ्या जादा, असा एक सोपा नियम वापरतात. तो आपल्या डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावा. पहाटे सहाला उपाशीपोटी ती, दुपारच्या जेवणासोबत एक कॅल्शियम, संध्याकाळी सहाच्या खाण्यासोबत दुसरी, झोपताना लोह. थायरॉईडच्या गोळीपासून लोह आणि कॅल्शियम दोन्ही चार तास लांब. रक्तदाबाचं मात्र उलट: टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल चालू असेल तर ती थांबवून लॅबेटालॉल, निफेडिपिन किंवा मिथाइलडोपा द्यावी लागते, नाहीतर बाळाच्या मूत्रपिंडांना इजा होते. म्हणजे इथं “बदला” हे उत्तर. “बंद करा” हे नव्हे, आणि “चालू द्या” हेही नव्हे.

या भीतीचं मूळही समजून घ्यायला हवं, कारण ती उगाच आलेली नाही. थॅलिडोमाइड १९५७ ते १९६१ या काळात बायकांना मळमळीवर दिलं गेलं आणि जगभरात दहा हजारांहून जास्त मुलं खुरटलेल्या हातापायांनी जन्मली. त्यानंतर गरोदर बाईला कुठल्याच औषधाच्या चाचणीत घ्यायचं नाही असा प्रघात पडला. हेतू चांगला, पण त्यामुळं बहुतेक औषधांबद्दल “माहिती नाही” एवढीच माहिती उरली. आणि भीतीनंही नुकसान होतं, हे त्याच मळमळीच्या दुसऱ्या औषधानं दाखवलं. डॉक्सिलामाइन आणि पायरिडॉक्सिनची गोळी अमेरिकेत खटल्यांच्या माऱ्यामुळं १९८३ मध्ये कंपनीनं बाजारातून काढली, तिच्यामुळं व्यंग येतं असं सिद्ध झालेलं नसताना. उलट्यांमुळं रुग्णालयात भरती होणाऱ्या बायका वाढल्या. २०१३ मध्ये तीच दोन औषधं तिथं पुन्हा मंजूर झाली. आपल्याकडं ती आजही पहिल्या तीन महिन्यांत सर्रास लिहून देतात, आणि ते योग्यच आहे.

कुठलंही औषध न घेतलेल्या आयांच्याही शंभर बाळांत दोन-तीनांना काही ना काही जन्मजात व्यंग असतं. हा आकडा घराघरांत माहीत असता तर बरं झालं असतं. कारण तसं मूल जन्मलं की बोट आधी आईच्या गोळीकडं जातं आणि मग आईकडं: “तू गोळ्या खाल्ल्यास म्हणून.” हा दोष तिला आयुष्यभर चिकटतो. त्या भीतीनं तापात फणफणत असूनही बायका पॅरासिटामॉल घेत नाहीत. २०२५ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी पॅरासिटामॉलचा संबंध ऑटिझमशी जोडला, तेव्हा ही भीती आणखी वाढली. पण २०२४ मध्ये स्वीडनमधल्या सुमारे पंचवीस लाख मुलांच्या अभ्यासात, एकाच आईच्या मुलांची आपसात तुलना केली तेव्हा तसा संबंध दिसला नाही. पहिल्या तीन महिन्यांतला जोराचा तापच बाळाला जास्त घातक. ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर, गरज संपली की बंद; ताप दोन दिवसांत उतरला नाही तर दवाखाना. फसगत होते ती मेडिकलमधून आणलेल्या अंगदुखीच्या जोडगोळीनं: पॅरासिटामॉल म्हणून घेतलेल्या पट्टीत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा अ‍ॅसिक्लोफेनॅक मिसळलेलं असतं. ती पाचव्या महिन्यानंतर टाळायचीच. गर्भजल कमी होतं, आणि शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी मिटू शकते. पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचणं एवढाच त्यावर उपाय.

गरोदर बायकांना चाचण्यांतून वगळू नये, असं मी म्हणते त्याला आपल्याच जिल्ह्याचा दाखला आहे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी तोंडानं घ्यायच्या मिसोप्रोस्टॉलची मोठी चाचणी २००२ ते २००५ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत झाली. १६२० बायका त्यात होत्या. निम्म्यांना ६०० मायक्रोग्रॅम औषध, निम्म्यांना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी. जास्त रक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या कामासाठी ते आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. पुढं पहिलटकरणींना अ‍ॅस्पिरिनची छोटी मात्रा देण्याची सहा देशांतली चाचणी झाली, तिच्यातही भारतातून बेळगाव आणि नागपूर होती. २०२० मध्ये निकाल आला, वेळेआधीच्या बाळंतपणांचं प्रमाण १३.१ वरून ११.६ टक्क्यांवर उतरलं होतं.

या बायकांचं ऋण मोठं आहे. पण अशा प्रत्येक चाचणीत एक प्रश्न विचारलाच पाहिजे: कागदावर अंगठा कुणाचा, आणि होकार कुणाचा? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: घरच्यांची किंवा गावाची परवानगी ही बाईच्या स्वतःच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. “मालकांना विचारून सांगते” हे उत्तर म्हणजे होकार नव्हे, नकारही नव्हे. तिला घरी जाऊ द्यायला हवं, कागद तिला कळणाऱ्या भाषेत वाचून दाखवायला हवा, मग मराठी असो की कन्नड, आणि नाही म्हटलं तरी उपचारात फरक पडणार नाही हे तिला एकटीला सांगायला हवं. हीच गोष्ट गर्भपाताच्या गोळ्यांची. कायद्यानं अठरा वर्षांवरील बाईची एकटीची संमती पुरते, नवऱ्याच्या सहीची गरज नाही. तिच्या इच्छेविरुद्ध त्या गोळ्या कुणी तिच्या हातात ठेवू शकत नाही. कायद्याच्या चौकटीत तिनं ठरवलं असेल तर घरचं कुणी अडवूही शकत नाही.

सीमाभागाची एक अडचण मुंबई-पुण्याच्या लेखांत कधी येत नाही. सासर कर्नाटकात हुक्केरीला, माहेर महाराष्ट्रात गडहिंग्लजला. सातवा लागला की सून माहेरी, बाळंतपण तिकडंच. इकडचं तायी कार्ड (गरोदरपणाच्या नोंदींचं सरकारी कार्ड) कन्नडमध्ये, तिकडच्या नर्सताई मराठी वाचणाऱ्या. त्यात भर म्हणजे कंपनीचं नाव बदललं की बाईला वाटतं औषधच बदललं, आणि मग ती दोन्ही घेते किंवा दोन्ही सोडते. रक्तदाब वाढण्याचा धोका असलेल्या बाईला १६ आठवड्यांच्या आत अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी सुरू करतात, रात्रीची. माहेरच्या गावात कुणीतरी म्हणतं, “अगं, ही तर हार्टची गोळी!” आणि ती बंद होते. उपाय साधा आहे: निघण्याआधी प्रत्येक पट्टीच्या मागच्या बाजूचा फोटो काढावा, ज्यात मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम दिसतील. एका वहीच्या पानावर मराठीत लिहावं: कशासाठी, किती, कधी, कधीपर्यंत, कुणी दिली. रक्तगट आणि शेवटचं हिमोग्लोबिन त्याच पानावर. निदान पंधरा दिवसांच्या गोळ्या सोबत, कारण तिकडं नाव नोंदून पुरवठा सुरू व्हायला दिवस जातात.

राहता राहिलं विचारायचं कसं. सोबत सासूबाई किंवा नवरा असताना बाई खरं सांगत नाही, सांगू शकत नाही. रक्तदाब बघायला, वजन करायला तिला आत एकटीला बोलवावं. दोन मिनिटं पुरतात. “गोळ्या घेतेस ना?” असं विचारलं की “हो” एवढंच येतं. “गेल्या आठवड्यात किती राहिल्या?” असं विचारलं की आकडा येतो. “घरात कुणी पुडी, काढा काही दिलाय?” हे वेगळं विचारावं, मिश्रीचं वेगळं. पट्टी सोबत आणायला सांगावी आणि खळगे मोजावेत. भरलेले दिसले तर रागावू नये. रागावलं की पुढच्या खेपेला पट्टी रिकामी दिसते, आणि गोळ्या परसात शेवग्याच्या बुडाशी पडलेल्या असतात.